जाहिराती नकोत

ड्युनेडिनच्या चढावर एल्स्पेथबाईंची पत्र्याची पेटी.
आत मुक्कामाला गोगलगाय,
सुपरमार्केटच्या पत्रकांवर पोसलेली.
कोकराच्या मांसावरची सूट तिनं कडेकडेनं कुरतडलेली,
गाद्यांचा सेल अर्धा फस्त.

एप्रिलात बाईंनी पेटीवर चिकटवलं: जाहिराती नकोत.
वाटणारा पोरगा थबकला,
पिशवी सावरत पुढं गेला.
रद्दीचा डबा हलका झाला. बरं वाटलं.

मग इन्व्हरकारगिलहून बहिणीचं पत्र,
सात वर्षांच्या अबोल्यानंतर,
दोनच ओळी.
एक शिल्लक: ‘सफरचंदं यंदा आंबट.’

बाईंनी गोगलगाय बोटावर घेतली, निरखली.
आपल्याकडे म्हणतात, हिच्या पोटात पाय.
पाय कसले,
अख्खी दुसरी ओळ आहे.

पेटीत त्यांनी लेट्यूसचं पान ठेवलं
आणि फोनपाशी जाऊन बसल्या.