शून्याची चूक

भांडुपच्या आमच्या टेक्निकल शाळेत
वर्कशॉपला दार नव्हतं, शटर होतं.
आठवीच्या पहिल्या दिवशी ते वर गेलं
आणि दोघीतिघींनी नाकाला रुमाल लावला.
मला तो वास ओळखीचा होता, आईच्या पदराचा:
ती गाळ्यात नट-बोल्ट मोजून पिशव्या भरायची,
एका पिशवीत शंभर.

पहिले तीन महिने नुसती कानस.
पन्नास बाय पन्नासचा लोखंडी तुकडा
व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा,
गुण्या लावून उजेडाकडे धरायचा.
फटीतून केसाएवढा जरी उजेड आला
तरी लोटलीकर सर म्हणायचे, "गाव अजून लांब आहे."
तळहाताला फोड आले, भाजीचं तिखट झोंबायला लागलं.
भूमितीच्या वहीत तोवर मी
शेकड्यांनी काटकोन काढले होते.
त्यातला एकही खरा नव्हता.

नववीला लेथ.
वेणी टोपीत, ओढणी घरी, हातात बांगडी नाही,
आणि चकात चावी विसरायची नाही.
विसरलेली चावी कुठे जाते ते दिसावं
म्हणून भिंतीतला तो खड्डा
सरांनी कधी बुजवू दिला नाही.

पंचवीस मिलिमीटरचा दांडा, अधिक-उणे पाच शतांश.
चीप निळी होत, वळत वळत ट्रेमध्ये पडायची;
तिच्याकडेच बघत राहिले की काय कोण जाणे.
माझा भरला पंचवीस शून्य आठ.
मी वहीत लिहिलं, शून्य चार.

सरांनी वही पाहिली, जॉब पाहिला,
मग व्हर्नियर उचलला
आणि मध्ये काहीच न ठेवता त्याचे जबडे मिटले.
"वाच."
"शून्य, सर."
"पाठ म्हणू नकोस. वाच."
मी भिंग धरलं. शून्यच होतं.
"हा नवा आहे," ते म्हणाले.
"जुन्याची तिसरी रेघ जुळायची.
रिकाम्या तोंडाने सहा शतांश खोटं बोलायचा."

कपाटातून, हजेरीपटांच्या खालून,
बटर पेपरात गुंडाळलेला एक दांडा निघाला.
"सत्त्याण्णवची बॅच. इलियास पटवेकर.
पंचवीस शून्य सहा वाचलं मी. बाद केला.
भांडला नाही रे पोरगा.
सोमवारपासून आला नाही, एवढंच.
व्हर्नियर तपासायला पाठवला तो मार्चमध्ये."
मुलींनाही ते 'रे'च म्हणायचे.
त्या दिवशी मात्र ते कुणाशी बोलत होते, कळलं नाही.

मी चारवर रेघ मारली, शेजारी आठ लिहिलं.
माझा जॉब बाद झाला.

आता साकीनाक्याला सीएनसीवर सेटर आहे.
मशीन काचेआड आपलं आपण फिरतं,
दुधासारखं कुलंट उडतं, आकडे हिरवे उमटतात.
शिफ्ट सुरू होताना मी रिकामे जबडे मिटून बघते
तेव्हा हेल्पर पोरं हसतात:
"ताई हवा मोजतात."

सर निवृत्त झाले. लेथ वजनावर गेली.
शटरला बाहेरून वेल्डिंगचे दोन टाके आहेत.
जाताना तो दांडा त्यांनी माझ्या हातात दिला,
वर एकच वाक्य, "तुझा मायक्रोमीटर चांगला असेल."

सहा महिने तो डब्याच्या पिशवीत होता.
परवा सेकंड शिफ्ट सुटल्यावर काढला.
बटर पेपर चिकटला होता.
गंज वर चढलेला, आत खाल्लेलं,
एका जागी जास्त भरत होता, एका जागी कमी.
खरवडावा तर इलियासचं माप जाणार,
तसाच मोजावा तर मी गंज मोजणार.
ट्यूबलाइटखाली उभी राहिले,
वॉचमन दोनदा डोकावून गेला.

तपासणीच्या रजिस्टरात त्या रात्री
तारीख आहे, नाव आहे, पुढचा रकाना कोरा.
ऑडिटला आलेल्या बाईंनी बोट ठेवून विचारलं,
"हे काय?"
म्हटलं, मोजायचं राहिलंय.