चारशे मीटर

रात्री साडेअकराला ॲपवर हिरवे ठिपके उगवतात.
एक शाहूपुरीत, दोन रंकाळ्याच्या कडेला,
एक थेट आमच्या गल्लीत.
तो कोण ते मला माहीत आहे, मी कोण ते त्याला.
सकाळी दुधाच्या रांगेत आमची ओळख नसते.

माझ्या प्रोफाइलला चेहरा नाही.
सीपीआरच्या आवारातला रिकामा बाक आहे
आणि खाली एक ओळ :
एचआयव्ही टेस्टला सोबत येतो. पैसे पडत नाहीत.

बरेच जण ब्लॉक करतात.
एकानं विचारलं, सरकारी माणूस काय रे तू?
एक जण तीन आठवडे 'उद्या नक्की' म्हणत राहिला,
मग प्रोफाइलच पुसलं.
पुसलेल्या ठिपक्याची चौकशी
कुठल्या खिडकीवर करायची?

चारशे मीटरवरचा मात्र बोलायचा.
नाव लावलेलं, 'बिडाचा माणूस'.
उद्यमनगरात, फौंड्रीत.
"कास्टिंग निघालं की हातोडीनं टकटक करायचं.
सलग असलं तर घंटीगत वाजतंय,
तडा असला तर बद्द.
दिवसाला दोनशे वाजवतोय भावा."

मी लिहिलं, स्वतःला कधी वाजवून बघितलंस?

टाइप करतोय...
थांबलं.
टाइप करतोय...
"तडा निघाला तर? आमच्यात परत भट्टीत टाकतात."
माणसाला नाही टाकत, मी लिहिलं.
रोज एक गोळी. आणि पहिली पाळी चालू.

बराच वेळ काही नाही. मग,
"तू कधी केलीस?"

फोन उलटा ठेवला. उठून पाणी प्यालो.
चौदा महिने.
या चौदा महिन्यांत किती जणांना तो बाक दाखवला मी,
आणि बाहेर चहा पीत उभा राहिलो.
परत येऊन लिहिलं. आकड्यासकट.

"मग सोमवारी," तो म्हणाला. "आधी तू."

सोमवारी तो आला. नखांत काळी वाळू,
शर्टाला इस्त्री.
न विचारता म्हणाला, जोतिराम.
मीही माझं खरं सांगितलं.
आत दंडाला रबर बांधलं, मूठ वळा म्हणाल्या बाई,
आधी माझी, मग त्याची.

मग त्याच बाकावर आम्ही दोघं.
खिशात फोन थरथरला, कुणीतरी रंकाळ्याकडनं.
राहू दे म्हटलं.
जोतिरामनं बोटाच्या पेरानं
बाकाच्या लोखंडावर टकटक केलं, मान तिरकी केली.

काय म्हणतंय?

"गप की जरा," तो म्हणाला,
"ऐकू दे."