पिवळी, जांभळी

इवानोवोच्या गिरणीत त्या शरदात
वारांची नावं काढून घेतली
आणि हातात एकेक रंगीत चिठ्ठी दिली.
ग्लाफिराला पिवळी. येफिमला जांभळी.
पोराच्या शाळेला लाल.

चार दिवस काम, पाचवा सुट्टीचा.
यंत्रांना तो पाचवाही नव्हता.

पिवळ्या दिवशी ती केस धुऊन
खिडकीशी वाळवत बसे,
कुणासाठी, हे न ठरवता.
जांभळ्या दिवशी तो बुटांना टाचा ठोकी,
तिच्याही,
आणि दाराशी ठेवून देई.

बोलणं सगळं साराच्या झाकणावर, खडूनं:
मीठ कमी पडलंय.
मीठच नाही दुकानात.
ल्योवाचा दात पडला. चुलीमागे टाकलाय, उंदराला.

शेजारची आगाफ्या मात्र
भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची,
सहा उभ्या, सातवी आडवी.
कुणी विचारलंच तर म्हणे, दुधाचा हिशोब.
गाय तिनं केव्हाच विकली होती.

एकदा पाळी बदलताना
दोघं फाटकात समोरासमोर आले.
भोंगा चालू, मागून माणसांचा लोट.
"आज कोणता वार रे?" तिनं विचारलं.
त्यानं खिशातून चिठ्ठी काढली,
बघितली, परत ठेवली.
"आगाफ्याला विचारतो."

रात्रपाळी करून ती पहाटे परतली.
झाकणावर दोनच शब्द:
रविवार होता.

तिनं ते पुसलं नाही.
फळीवरून दुसरं झाकण घेतलं.