ऊन

फूलबागेजवळ तिबेटी बाजार लागला
की ग्वाल्हेरात थंडी आली असं आम्ही धरतो.
पारा काय म्हणतो ते नंतर.

यंदा मी एकटीच गेले,
हातात ऋजुताची यादी, तिच्या मुंगीच्या अक्षरातली.
तिला स्पितीत राहायचंय, बर्फ मोजायला.
कशाने मोजतात ते मी विचारलं नव्हतं.
"बांबू रोवतो गं आम्ही," तिनेच सांगितलं,
"आणि उन्हाळ्यात बघतो, किती उघडा पडला."

इथली थंडी मला पाठ आहे.
पौषात किल्ला चार-चार दिवस जागेवर नसतो,
गाड्या कुठे अडकल्यात ते स्टेशनालाही ठाऊक नसतं,
आणि जनकगंजातला दूधवाला धुक्यातून
आधी खोकला म्हणून येतो, मग सायकल, मग माणूस.
तिचे कपडे ठरलेले:
बंडी, स्वेटर, शाल,
कानांवरून मफलर, खिशात गजकेचा तुकडा.
पण बर्फ?
बर्फ मला माहीत तो फ्रीजच्या वरच्या खणातला.

डोल्कर सोळा वर्षं त्याच कोपऱ्यात बसते.
यादी तिने मलाच वाचायला लावली,
मग मी निवडलेली सुती बनियनं
भाजीतल्या किडक्या शेंगा बाजूला साराव्या तशी सारली.
सूत घाम पितं, म्हणाली, आणि सोडत नाही.
चढताना भिजतं, थांबलात की तेच गोठवतं.
अंगालगत बारीक लोकर. त्यावर जाड.
त्यावर वारा अडवेल असं काहीतरी.
"और सब ढीला, दीदी. ढीला."

ढीला!
मी तर जन्मभर घट्ट बांधत आले.
कानटोपीची नाडी हनुवटीखाली,
दोन वेण्या, डब्याचं झाकण,
आणि त्याआधी दुपटं,
असं की मूठसुद्धा बाहेर येऊ नये.

"दो कपड़ों के बीच हवा रहने दो.
गरम वही रखती है. ऊन तो बस चौकीदार है."

तिचं ऊन म्हणजे लोकर.
माझं ऊन म्हणजे ऊन.
चाळीस वर्षं या गावात हिंदी बोलून
त्या क्षणी मला गच्चीच आठवली,
आणि गच्चीवर वाळत घातलेली रजई.

बूट एक नंबर मोठे घ्यायचे.
आत बोटं हलायला हवीत.
"हलतात तोवर आपली," म्हणाली आणि हसली.

तुमच्या गावी फार पडतो का, मी विचारलं.
मुंडगोड, ती म्हणाली. कर्नाटक. आमच्याकडे आंबे पडतात.
बर्फ तिने पाहिलेलाच नाही.
हे सगळं वडिलांचं.
नऊ वर्षांचे होते, खिंड ओलांडली,
डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली.
मुंडगोडच्या मे महिन्यातसुद्धा
मोजे घालून झोपायचे.
सांगताना पाय मांडीखाली घ्यायचे.

मोज्यांचे चार जोड घेतले होते.
परत फिरून आणखी दोन घेतले.
घासाघीस केली नाही. तिनेच वीस रुपये कमी केले.

रात्री कपाटाच्या आरशासमोर
मी ते सगळं घालून पाहिलं, एकावर एक.
वाकले, हात वर केले, काल्पनिक बांबू रोवला.
"कुठे निघालीस?" ह्यांनी रजईतून विचारलं.
मी घामाघूम झाले होते.

काझाहून फोन आला तो वाऱ्याचाच जास्त.
घातलंय गं सगळं, ती म्हणाली.
घट्ट नाही ना?
नाही.
बोटं हलतात?
मग काहीच ऐकू येईना.
लाईन गेली की ती खरोखर हलवून बघत होती, कळलं नाही.
बाहेर किल्ला नव्हता. रस्ता नव्हता.
फोन कानाला धरून
मी पायांकडे रजई जरा सैल केली
आणि माझीही हलवून पाहिली.