डावखुरी खाच

चाकू आधी मिटलेलाच हातात घ्यावा.
उघडायची घाई करणाऱ्याला
मुस्तकीम दुप्पट भाव सांगतो.

तुर्भ्यात, ट्रक टर्मिनलच्या मागच्या गल्लीत
बंदरावरून आलेलं भंगार रविवारी सकाळी फुटतं:
नळांच्या तोट्या, दारांच्या कड्या,
कुणाच्या तरी देशातले काटे-चमचे,
आणि तळाशी, ऑइलनं माखलेले,
हे.

मी वजन बघतो. खिळे मोजतो.
मग अंगठ्याचं नख खाचेत घालून
हळूच ओढतो, परत मिटतो, कान देतो.
शेफील्डचा जुना चाकू मिटताना
देवघराचं दार लोटल्यासारखा वाजतो.
झोलिंगेनचा, तिजोरीचं.
जपानी वाजतच नाही, त्याला स्प्रिंगच नसते,
पत्र्याच्या घडीत पातं नुसतं आडवं होतं
शेपटी बाहेर ठेवून.
फ्रेंचाच्या पाठीवर माशी बसलेली असते;
ती मधमाशी की घरमाशी
यावर त्यांच्यातही एकमत नाही म्हणे.

ठसा असतो पात्याच्या मुळाशी,
धार सुरू व्हायच्या आधी पोलाद जरा थांबतं, तिथे.
रॉकेल, जुना टूथब्रश, मुलाचं शाळेतलं भिंग.
एक मुकुट, दोन अक्षरं, गावाचं अर्धं नाव.
उरलेलं कुणीतरी धार लावता लावता
संत्र्यांबरोबर खाऊन टाकलेलं.

सत्तेचाळीस झाले.
कोपरखैरण्याच्या घरात शिलाई मशीनचा ड्रॉवर त्यांचा.
शालन म्हणते, जगभरचे चाकू घरात
आणि मी अजून विळीवर.
खरं आहे तिचं.
एकाही चाकूनं मी साधी काकडी कापलेली नाही.

तर गेल्या रविवारी
मुस्तकीमनं फडक्यातून एक काढला.
"काका, हा एकदम इम्पोर्टेड."

ठसा नाही. मूळ कोरं.
मूठ टफनॉलची, तपकिरी, आतले कापडाचे धागे दिसणारी.
खिळे पितळेचे, म्हणजे खिळे नव्हतेच ते,
ब्रेझिंगची सळई कापून ठोकलेली.
पात्याचं भोक नको तेवढं मोठं, आत बुश बसवलेलं;
पॉवर हॅकसॉच्या पात्याला टोकाशी असतं ना, तेच.
आणि नखाची खाच
उलट्या बाजूला.
उजव्या हातानं उघडायला गेलो, नख घसरलं.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, तिसरी पाळी.
हरेश्वर केणी, कळव्याचा, खाडीकाठचा,
आख्ख्या टूलरूममध्ये एकटा डावखुरा.
सुपरवायझरची मान कलली
की हा ग्राइंडरला लागायचा.
"केण्या, नाव तरी कोर" म्हटलं तर म्हणायचा,
"आणि गेटवर झडती कोण देणार? तू?"

कंपनीला टाळं लागून सत्तावीस वर्षं झाली.
तिथे आता काचेची इमारत आहे,
आमच्या ग्राइंडरच्या जागी, माझ्या अंदाजानं,
कॉफीचं मशीन.
केणी कुठे आहे ठाऊक नाही.
चाकू त्यानं विकला, का खिशातून पडला,
बोटीवर चढला होता
की ठाण्याहून तुर्भ्यापर्यंतच आला एवढ्या वर्षांत,
भिंगातून दिसत नाही.

मुस्तकीमनं माझा चेहरा वाचला, भाव वाढवला.
मी घासाघीस केली नाही.

वहीत प्रत्येकाला एक ओळ असते:
देश, गाव, कारखाना, अंदाजे साल.
अठ्ठेचाळीसपुढे पेन धरून बसलो.
देश लिहिला, गाव लिहिलं.
कारखान्याच्या जागी रात्रपाळी लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं.

मग डाव्या हातात घेतला.
पहिल्याच ओढीत उघडला.

"ह्याला तरी धार आहे का?" शालननं विचारलं.
मी म्हटलं, तो दुधी दे इकडे.