नकाराची तालीम

ओळ तीनशे बारा. अठ्ठ्याण्णव सालचा ड्रायव्हर.
वेइयोने तिथे टीप लिहून ठेवलीय, चार शब्दांची :
हे कधीच फसत नाही.

खाली मेमरी मागितलीय, चाळीस बाइट,
आणि मिळालीच असं गृहीत धरून
लगेच तिच्यात लिहायला घेतलंय,
ताटात काही वाढलंय का न बघता
घास उचलावा तसं.

नोव्हेंबर आहे. औलूत तीन वाजताच खिडकी काळी होते.
नदीकाठच्या बत्तीस खोक्यांत हा ड्रायव्हर चालतो,
पाण्याची पातळी मोजतो, धरणाला कळवतो.
सव्वीस वर्षं तक्रार नाही.
मग मागच्या वसंतात, बर्फ फुटायच्या रात्री,
एकोणिसावं खोकं शून्य पत्त्यावर लिहायला गेलं
आणि कोसळलं.

ओस्मो म्हणतो, चाळीस बाइट कुणाला मिळत नाहीत?
मी म्हणते, ज्याला मिळाले नाहीत त्याला विचार.

आठवडाभर मी प्रश्न पेरत गेले.
मागितलंस? मिळालं का बघ.
नसेल मिळालं तर उलट पावली नीघ :
शेवटी घेतलंस ते आधी परत कर,
इंटरप्ट सोड, मग पोर्ट, मग बफर,
आलास त्याच वाटेने, पाठमोरा.
सत्तावीस ठिकाणी. दिसायला सोपं.
पण ह्या वाटेवर कुणी चाललेलंच नाही.
आगीसाठी बांधलेला जिना
आग लागेपर्यंत कोराच असतो.

म्हणून मी कर्नलला खोटं बोलायला लावते.
भरपूर मेमरी आहे, तरी सांग, नाही.
पहिल्या मागणीला नाही. ड्रायव्हर हात हलवत परत.
दुसरीला नाही. परत.
सहावीला जरा अडखळला, पण नकार पचवला.
अकरावीला नाही,
आणि कर्सर थांबला.

ना लाल ओळ, ना काही. नुसता पंखा.
ओस्मो कॉफी घेऊन आला, उभा राहिला, गेला.

साडेसहाला सापडलं.
वेइयोचं नव्हतं ते. माझं होतं.
मंगळवारी लिहिलेल्या अकराव्या तपासणीत
नकार ऐकून मी नीट वळले होते,
दाराबाहेरही पडले होते,
फक्त कुलूप तसंच ठेवून, किल्ली खिशात.
मागून येणारा प्रत्येकजण त्या दारात उभा,
आत कुणी आहे अशा समजुतीने.

वेइयोचा कोड निदान आवाज करून कोसळायचा.
माझा वाट बघत राहिला असता. सभ्यपणे,
पाणी चढत असताना.

एक ओळ. आधी कुलूप काढ, मग नीघ.
पुन्हा अकरा. आला परत. बारा. तेरा.
सत्ताविसाव्याला रात्रीचे दहा वाजले होते.
वेइयोची टीप मी खोडली नाही,
तिच्याखाली एकोणिसाव्या खोक्याची तारीख लिहिली.

डिसेंबरच्या एका रविवारी त्याच्याकडे गेले.
अठ्ठ्याहत्तरचा, खाडीवर मासे धरायला निघालेला.
हातात लोखंडी पहार. प्रत्येक पावलाआधी
एक ठोका, मग कान. ठोका, कान.
मी मागून, त्याच्याच पाऊलखुणांत पाय ठेवत.

म्हटलं, वेइयो, बर्फाला एवढं विचारतोस,
मेमरीला एकदाही का नाही विचारलंस?

तो बराच वेळ बोलला नाही. ठोका. कान.
"बर्फात माझा भाऊ गेला," म्हणाला.
"मेमरीने तोवर कुणाला नेलं नव्हतं."

पुढे एका ठिकाणी पहार वेगळी वाजली.
पोकळ नव्हे, ओलसर.
त्याने हात नुसता मागे केला.
आणि आम्ही न बोलता, न वळता,
त्याच खुणांवरून मागे सरकत आलो,
आधी मी,
मग तो.