प्रकरण सहावे : पाणी

अहवालात माझ्या वाट्याला पाणी आलं.
आवाज दुसऱ्याकडे, पक्षी तिसऱ्याकडे.
पानं मोजून बारा, नकाशे धरून.

धावपट्टी सहाशे मीटर पूर्वेला सरकणार.
तिथे मुस्ताओया आहे, म्हणजे काळा ओढा.
दलदलीतून येतो म्हणून कोऱ्या चहाच्या रंगाचा.
त्याला नळीत घालायचं,
सातशे चाळीस मीटर.

ऑगस्टमध्ये ओन्नी आणि मी
रबरी पोशाखात, पोटावर, प्रवाहाच्या उलट,
बादलीच्या बुडाला बसवलेल्या काचेतून
तळ न्याहाळत सरकलो.
तीन दिवस ओढ्याला पाण्यात पाहिलं,
वैर तसं काहीच नव्हतं.

शिंपले. काळे, तळहाताएवढे,
अर्धे वाळूत रुतलेले, ओठ किलकिले.
तीनशे बारा.
एक मेलेला सापडला, त्याची कड घासून
भिंगाखाली वर्षं मोजली : एकशे एकतीस.
विमानतळाच्या आधीचा, युद्धाच्या आधीचा,
या देशाला देश म्हणू लागले त्याच्याही आधीचा.
जिवंतांत सगळ्यात धाकटा साठीचा.

त्यांचं बाळ धुळीच्या कणाएवढं.
ट्राउटच्या कल्ल्याला धरून एक हिवाळा काढतं,
मग सुटतं, आणि खड्यांच्या फटीत
पाच वर्षं दडून बसतं.
फटींत आता नारिंगी, बुळबुळीत साय.
विमानांच्या पंखांवरचा बर्फ उतरवायला
हिवाळाभर जे फवारतात
ते मे महिन्यात वितळणीबरोबर खाली येतं,
खोकल्याच्या औषधासारखं गोडसर.
जिवाणू ते खातात,
आणि तोंडी लावायला पाण्यातला प्राणवायू.

तक्ता सहा-चारमध्ये शेवटचा रकाना :
परिणामाचं महत्त्व.
मी लिहिलं, मोठं.
परत आलं. फार सभ्य भाषेत.
"ही संख्या प्रजनन करत नाही,
सबब हानी मर्यादित धरावी."

तर्क सरळ होता.
म्हणजे आम्हीच आधी पोरं बुडवली,
आणि आता म्हाताऱ्यांना वारस नाही म्हणून
घर रिकामं धरायचं.
पाणी कुठे मुरतंय हे मला ठाऊक होतं,
नकाशा मीच काढला होता.
दोन दिवस गेले.
मी "मध्यम" लिहिलं.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या मांडून.
कॉफी, वेलदोड्याचा पाव.
राइमोनं ते वाक्य पडद्यावर दाखवलं
आणि पुढच्या पानाकडे वळणार, तेवढ्यात
लेम्पी युंतुनेन उठली. उठायला वेळ लागला.
वय एक्क्याऐंशी. एकसष्ट सालापासून
त्याच ओढ्यावर सतरंज्या धुणारी,
डिंकाच्या साबणानं. (तोही मी तक्त्यात धरला होता.)
म्हणाली, मलाही मूलबाळ नाही.
माझीही हानी मर्यादितच धरता का?

मागे कुणीतरी हसलं.
राइमो म्हणाला, कॉफी अजून गरम आहे.
इतिवृत्तात : टिप्पणी क्रमांक नऊ.
पाण्याशी संबंध नाही.

सप्टेंबरात हलवाहलव.
प्रत्येकाच्या पाठीवर आकडा डकवला,
ओल्या फडक्यात गुंडाळून थंड पेट्यांत ठेवलं.
चाळीस किलोमीटर उत्तरेला दुसरा ओढा,
कागदावर सगळं जुळणारं.
तिथल्या ट्राउटचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं,
तो खर्च दुसऱ्या सदरातला.

लेम्पी धक्क्यावर उभी होती,
सतरंजी न आणता.
एक बघू दे, म्हणाली.
मी दोनशे आठ क्रमांकाचा दिला.
घट्ट मिटला. तिनं हात तसाच पसरून ठेवला.
ओन्नीनं घड्याळ पाहिलं, गाडी सुरू होती.
मग शिंपला जरासा उघडला
आणि तिच्या तळहातावर
त्यानं थोडं पाणी सोडलं.

किती, ते मी नोंदवलं नाही.